साडेपंधरा लाखांचा टॅक्स आणि पन्नास किलोची गोणी

गेल्या रविवारी ताईकडे नवी मुंबईत कोपरखैरणेला गेलो होतो. भाचा ऐरोलीला आयटीत आहे, त्याचं पॅकेज ६० लाख झालंय, आणि ऑफिसकडून २०२५-२६ च्या टॅक्सचा हिशोब मेलवर आला होता तो मला दाखवायचा म्हणून तो थांबला होता, कारण मी महापेला एका कंपनीत पेरोल बघतो आणि घरात आकड्यांचं काहीही निघालं की ते माझ्याकडे येतं. मी बघितलं, सगळं बरोबर होतं. मग तो म्हणाला, "मामा, नुसता टॅक्स साडेपंधरा लाख. पप्पांना एवढे कमवायला किती वर्षं लागली असतील सांग. म्हणजे बघ ना, देशाला माझा उपयोग पप्पांच्या किती पट झाला?"

पोरगं वाईट नाही, बापाला कमी लेखायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं, आकडा बघून जे डोक्यात आलं ते बोलून गेला. पण दाजी तिथेच परातीत वाटाणे सोलत बसले होते आणि त्यांचा हात थांबला. दाजींनी तीसेक वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून काम केलंय. मानेच्या खाली, जिथे गोणी टेकते तिथे घट्टा पडलाय, अजून शर्ट घातला की तिथलं कापड जरा उचललेलं दिसतं. ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने परत सोलायला लागले.

मी तेव्हा भाच्याला दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगितलं पण ते अर्धवट होतं, आणि हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, माझ्या ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, ट्रेनमध्ये सगळीकडे हेच ऐकतो की मी जास्त कमावतो, जास्त टॅक्स भरतो, म्हणजे मी जास्त कामाचा. म्हणून नीट लिहितोय.

आधी टॅक्सचं बघू कारण त्यात गैरसमज जास्त आहेत. ६० लाखांवर ३० टक्के म्हणजे १८ लाख असं लोक धरून चालतात, तसं नसतं. इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत (न्यू रिजीम) आधी ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट, जातं, राहिले ५९ लाख २५ हजार. त्यातल्या पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्याच्या पुढच्या ४ वर १० टक्के, असं चढत चढत २४ लाखांपर्यंतचा टॅक्स ३ लाख होतो. ३० टक्के लागतात ते फक्त २४ लाखांच्या वरच्या रकमेला, म्हणजे ३५ लाख २५ हजारांना, ते झाले १० लाख ५७ हजार ५००. मग उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं म्हणून टॅक्सवर १० टक्के सरचार्ज, म्हणजे टॅक्सवर आणखी टॅक्स, आणि त्या सगळ्यावर ४ टक्के सेस नावाचा अजून एक कर. बेरीज १५ लाख ५२ हजार ९८०. १०० रुपयांतले साधारण २६ गेले, ७४ हातात राहिले.

आता हा आकडा माणसाची उपयुक्तता दाखवतो असं म्हणायचं असेल तर पुढच्या गोष्टीचं काय करायचं ते मला सांगा. ११ लाख पगार असलेला एखादा मास्तर घ्या. २०२४-२५ मध्ये नव्या पद्धतीत त्याला ५५ हजार ९०० टॅक्स होता. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये सूट वाढली, १२ लाखांपर्यंत, पगारदाराला ७५ हजार धरून पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स शून्य, आणि १ एप्रिलपासून ह्याच मास्तरचा टॅक्स शून्य झाला. शाळा तीच, वर्ग तोच, फळाही तोच. मार्चमध्ये तो देशाच्या कामाचा होता आणि एप्रिलमध्ये फुकट्या झाला असं कोणी म्हणेल का? आणि मागे जायचं तर १९७३-७४ ला आपल्याकडे सगळ्यात वरच्या टप्प्याला ८५ टक्के टॅक्स आणि त्यावर १५ टक्के सरचार्ज असा मिळून ९७.७५ टक्के दर होता, म्हणजे त्या टप्प्यातल्या १०० रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. आज नव्या पद्धतीत कितीही कमवा, सरचार्ज-सेस धरून सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर ३९ टक्क्यांच्या वर जात नाही. माणसं तीच होती, सरकारचं धोरण बदललं.

टॅक्स हा माणसाचं मोल करायला बसलेलाच नाही. त्याचा हिशोब वेगळा आहे, कोणाला किती झेपतं हा. भाच्याचे महिन्याला हजार रुपये गेले तर त्याला कळतसुद्धा नाही, दाजींचे गेले तर ताईला गॅस, औषध, दूध ह्यातलं काहीतरी पुढे ढकलावं लागतं. म्हणून वरच्याला दर जास्त. आणि हे तत्त्वसुद्धा सगळीकडे पाळलेलं नाही. पगाराच्या वरच्या टप्प्याला ३० टक्के लागतात पण वर्षभर ठेवलेले शेअर विकून नफा झाला तर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के. म्हणजे भाचा रात्री दोनपर्यंत कॉलवर बसून जे कमावतो त्यावर जास्त आणि एखाद्याला घरी बसून शेअरवर मिळालं त्यावर कमी. टॅक्स जर मोजपट्टी असती तर ती उलटी लावल्यासारखी झाली.

आणि दाजी टॅक्स भरत नाहीत हे कोणी सांगितलं? साबण, चप्पल, मोबाईलचा रिचार्ज, सगळ्यावर जीएसटी आहे, २०१७ पासून, आणि दुकानदार पेन्शन बघून कमी लावत नाही. रिचार्जवरचे १८ टक्के भाचा जेवढे भरतो तेवढेच दाजी भरतात. फरक एवढाच की भाच्याचा टॅक्स पगाराच्या स्लिपवर छापून येतो, दाजींचा किराण्याच्या बिलात मुरलेला असतो.

स्लिपवरून अजून एक आठवलं. महाराष्ट्रात पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापतात, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. आमच्या कंपनीच्या डायरेक्टरला पण २५०० आणि स्टोअरमधल्या क्लार्कला पण २५००, कारण राज्यघटनेतच त्याच्या वर जायची मनाई आहे. हा टॅक्स १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदारांनी द्यायचा आणि त्यातून दुष्काळी गावात काम निघायचं. दाजी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातले. ७२ च्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते, कामावर मिळणारी सुकडी खाल्ल्याचं ते अजून सांगतात, आणि पुढे त्यांची आई रोजगार हमीच्या बंडिंगवर, म्हणजे शेतात बांध घालायच्या कामावर होती. म्हणजे मुंबई-ठाण्यातल्या कुठल्यातरी कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे त्या घरात भाकरी होऊन गेले, मग त्याच घरातला पोरगा मार्केटात येऊन स्वतः हाच टॅक्स भरायला लागला आणि आता नातू भरतोय. ह्यात कोण देणारा आणि कोण घेणारा ते एका वर्षाच्या स्लिपवरून कळणार नाही.

आता पगार. इथे खरा गुंता आहे.

मराठीत आपण किंमत आणि मोल हे दोन्ही शब्द पैशाला पण वापरतो आणि माणसाला पण. मोलमजुरी, मोलकरीण म्हणतो तेव्हा मोल म्हणजे मजुरी, आणि मोलाचा माणूस म्हणतो तेव्हा मोल म्हणजे भलतंच काहीतरी. "त्याला काय किंमत आहे" हे आपण माणसाबद्दल सहज बोलतो. शब्द एकच असल्यामुळे एकातून दुसऱ्यात कधी घसरलो ते कळत नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडला पाणीटंचाईत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. पाण्याशिवाय माणूस काही दिवसांच्या वर काढू शकत नाही आणि हिऱ्याशिवाय आख्खा जन्म काढतो, तरी नळाचं पाणी कवडीमोल आणि हिरा लाखाचा, असं का, हा प्रश्न ॲडम स्मिथ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ ला मांडला होता. त्याचं नीट उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली, १८७० च्या आसपास जेव्हन्स, मेंगर आणि वालरास ह्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या देशांत बसून जवळपास एकच गोष्ट सांगितली. किंमत ठरते ती सगळ्या पाण्याच्या उपयोगावर नाही, अजून एक बादली मिळाली तर त्या बादलीचा किती उपयोग ह्यावर. नळ धोधो चालू असेल तर अजून एक बादली कोणाला हवीय? पण मे महिन्यात सोसायटीची टाकी रिकामी झाली की तेच पाणी टँकरने येतं आणि सेक्रेटरी हजारोंचा चेक फाडतो. पाणी बदललं नाही, त्याची गरज बदलली नाही, टंचाई बदलली.

पगाराचं तसंच आहे. तुमचं काम किती गरजेचं आहे हे पगार सांगत नाही. तुमच्यासारखा अजून एक माणूस आत्ता ह्या घडीला मिळवायला किती अवघड आहे, एवढंच तो सांगतो. मार्केट एक दिवस बंद राहिलं तर ठाण्यापासून पनवेलपर्यंत भाजीवाल्यांकडे कांदा महागतो, म्हणजे दाजींचं काम गरजेचं होतंच, पण गोणी उचलायला तयार असलेले हात दुष्काळी भागातून रोज एसटीने येत होते. भाच्याला जे येतं ते येणारे कमी आहेत. उद्या जास्त झाले, किंवा ते काम मशीन करायला लागलं, तर पगार खाली येईल आणि त्या दिवशी भाचा आजच्याइतकाच हुशार असेल.

ही झाली एक बाजू, पण फक्त टंचाईवर भागत नाही. एक माणूस एका वेळी किती लोकांपर्यंत पोचतो हेही बघावं लागतं. शेर्विन रोझन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हे मांडलं की टीव्ही, रेकॉर्डिंग असं काही आलं की सगळ्यात वरचा जो असतो तो एकटाच सगळ्या बाजारात पोचतो आणि त्याच्यापेक्षा जरासा कमी असलेल्याला जरासा कमी नाही तर खूपच कमी मिळतं. भाच्याने एकदा लिहिलेला कोड लाखो मोबाईलवर चालतो, त्याची दुसरी कॉपी काढायला खर्च नाही. कळव्याच्या हॉस्पिटलमधली सिस्टर मात्र एका वेळी एकाच पेशंटला सलाईन लावते, पन्नास वर्षांपूर्वीही एकच लावायची. बाउमोल ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच दाखवलं, जिथे माणसाचा वेळ हेच काम आहे तिथे उत्पादन फारसं वाढवता येत नाही, पण बाकीच्या कामांतले पगार वाढले की इथलेही थोडे वाढवावे लागतात, त्यामुळे शिकवणं, शुश्रूषा, सांभाळणं ही कामं चालू ठेवायची तर ती महाग होत जातात आणि मग पैसे वाचवायला सगळे तिथेच कात्री लावतात.

क्रिकेटमध्ये तर हे डोळ्यासमोर दिसतं. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला, त्या रात्री फटाके कोपरखैरणेपर्यंत ऐकू येत होते. आता आकडे बघा. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात, २०२३ ला, सगळ्यात जास्त बोली स्मृती मंधानाला लागली, ती ३ कोटी ४० लाख. ती पंतच्या आठव्या हिश्श्याएवढं खेळते का? असा हिशोब कोणी मांडतसुद्धा नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपणाचे हक्क ४८ हजार ३९० कोटींना विकले गेलेत, त्या पैशातून तो २७ कोटींचा आकडा येतो. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या खिशात किती आहे हेही पगार ठरवतं. आणि देशाकडून खेळताना वनडेला मुलींना मुलांइतकेच ६ लाख मॅच फी मिळते ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिकेट बोर्डाने ठरवलं तेव्हापासून. आदल्या मॅचला त्या कमी प्रतीचं खेळत होत्या असं नाही. निर्णय झाला, म्हणून फी वाढली.

निर्णय झाला म्हणून पगार वाढतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याचं उदाहरण भाच्याच्या घरातच आहे.

१९६९ च्या आधी माथाडीला मालकच नव्हता. आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, गोणीमागे पैसे घ्यायचे आणि जायचं, फंड नाही, सुट्टी नाही, पाय मोडला तर गावाला. व्यापारी म्हणायचा हा माझा माणूस नाही, आणि ते कागदोपत्री खरंही होतं. अण्णासाहेब पाटलांनी ह्या लोकांची युनियन बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. माथाडी बोर्ड आलं. कामगाराची नोंद बोर्डाकडे, व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी, दवाखाना. पुढे मार्केटं मुंबईतून टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आली, कोपरखैरणे-घणसोलीला माथाड्यांच्या वसाहती झाल्या. गोणी तेवढीच जड राहिली. कांदा तसाच, पाठ तशीच. ताईचं घर, भाच्याची इंजिनिअरिंगची फी, हे सगळं त्या लेव्हीतून उभं राहिलंय. आणि आजही भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनला बोर्डात नोंद नसलेला पोरगा तेवढंच वजन उचलतो आणि त्याला फंडाचा पत्ता नसतो. दोघांच्या कामात फरक काढून दाखवा.

मी पेरोलला बसतो म्हणून हे रोज बघतो. मागे एका कंपनीत होतो तिथे एकाच मजल्यावर दोन बायका झाडू-पोछा करायच्या, एक जुनी, कंपनीच्या रोलवर, दुसरी कॉन्ट्रॅक्टरची. एकीने डावीकडचं पॅसेज घ्यायचं, दुसरीने उजवीकडचं. रोलवरच्या बाईचा पगार दुसरीच्या दुपटीहून जास्त होता. मी दोन्ही मस्टर समोरासमोर ठेवून बघायचो आणि त्या वेळी मी वर काहीच बोललो नाही, ते मला अजून लागतं.

वरच्या टोकालाही हेच. कंपनीच्या एमडीचा पगार तो किती कामाचा आहे ह्याचं वजन करून निघत नाही. बोर्डाची एक कमिटी बसते, दुसऱ्या कंपन्या काय देतात ते बघते आणि त्याच्या जरा वर आकडा धरते, कारण आपला माणूस सरासरीच्या खाली आहे असं कोणालाच म्हणायचं नसतं. कंपनी कायदा २०१३ मध्ये कलम १९७ आहे, पब्लिक कंपनीच्या सगळ्या डायरेक्टर-मॅनेजरांना मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्के आणि एकाच एमडीला ५ टक्के अशी मर्यादा आहे, त्याच्या वर जायचं तर शेअरहोल्डरांचा ठराव लागतो. त्याच कलमात असंही आहे की लिस्टेड कंपनीने प्रत्येक डायरेक्टरचा पगार मधल्या कामगाराच्या किती पट आहे हे छापायचं. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये येईल तो. ज्यांचे शेअर घेतलेत त्यांच्या वार्षिक अहवालात हा आकडा शोधून बघाच, बहुतेक परिशिष्टात कुठेतरी असतो.

माणसाच्या जिवाला अक्षरशः रुपये लावतात अशी एक जागा आहे, अपघाताच्या दाव्यांचं कोर्ट. ठाण्यातही आहे. तिथे नुकसानभरपाई कशी काढतात ते २००९ च्या सरला वर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलंय, गेलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, ३१ ते ३५ वयाला १६ ने. म्हणजे एकाच बसमध्ये गेलेल्या ३५ वर्षांच्या दोन माणसांची भरपाई पगाराप्रमाणे कितीतरी पट वेगळी येते. ऐकायला क्रूर वाटतं, पण कोर्ट तिथे माणूस मोजतच नाही, त्याच्या जाण्याने घरात येणारे किती पैसे बंद झाले ते मोजतं. अडचण होते ती ताईसारख्या बाईची, जी पैसे आणतच नाही. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका कार्यक्रमात आग लागून बरेच लोक गेले, त्यात गृहिणी होत्या, आणि २००१ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या घरकामाचा अंदाज महिन्याला ३००० रुपये धरला. निदान काहीतरी धरलं. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ९७, असं आलंय. ताईचे ते रोजचे पाच तास कुठल्याच स्लिपवर नाहीत, देशाच्या जीडीपीतही नाहीत. दाजी पहाटे मार्केटला निघायचे तेव्हा त्यांच्या आधी उठून डबा कोण करायचं आणि भाच्याला शाळेत कोण सोडायचं हे भाच्याला माहिती आहे.

ह्याचा अर्थ भाच्याचा पगार खोटा आहे का? अजिबात नाही. त्याने जीव तोडून अभ्यास केलाय, एका खोलीत, टीव्ही चालू असताना, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. मोठा पगार एक कामाची गोष्ट करतो, इथे माणसं कमी पडताहेत हे बाकीच्यांना ओरडून सांगतो, म्हणून पोरं ते शिकायला जातात. मी फक्त एवढंच म्हणतोय की ती टंचाईची, खिशाची आणि कायद्याची खबर आहे, आणि आपण ती माणसाची मार्कशीट म्हणून वाचतो.

त्या दिवशी जेवताना भाच्याने स्वतःहून दाजींना विचारलं, "पप्पा, तुमच्या टोळीत वाराईचे, गोण्या चढवायच्या-उतरवायच्या मजुरीचे, पैसे वाटायचे कसे?" दाजी म्हणाले सारखे. भाचा म्हणाला, पण कोणी जास्त गोण्या उचलत असेल ना. "उचलायचा की. तुझा पाटील काका माझ्या दीडपट उचलायचा. मला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर त्याने माझ्यातल्या पण उचलल्या, आणि मुकादमाने माझा वाटा तुझ्या आईच्या हातात आणून दिला." मग ताटातली वाटाण्याची उसळ संपली होती म्हणून ताई उठली, तर भाचा म्हणाला तू बस, मी आणतो.